आपला तो बाब्या

अरे,

डोहाळजेवणाला तू जे बोललास ना, ते घरी आल्यावरही डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. तेव्हा गप्प बसलो कारण वाटीखालून पेढा निघाल्याचा आरडाओरडा चालू होता आणि काकूने डोळे वटारले होते. तू म्हणालास, काका ती बर्थराइटची, म्हणजे अमेरिकेत जन्मलं की नागरिकत्व याची केस बॉर्डर ओलांडून येणाऱ्यांची आहे, आपण रांगेत उभे राहून आलोय, टॅक्स भरतोय, आपला काय संबंध.

आधी ट्रम्पची ती ऑर्डर वाच बाबा, जिच्यावर ही केस आहे. चॅनलवरची चर्चा नको, ऑर्डर वाच, छोटीशीच आहे. २० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्पने सही केली. त्यात दोन प्रकारची बाळं आहेत ज्यांना इथे जन्मूनही नागरिकत्व नाही. पहिला प्रकार तू म्हणतोस तो. दुसऱ्यात आई इथे कायदेशीर पण तात्पुरती, आणि बाप सिटिझन नाही, ग्रीनकार्डवाला नाही. स्टुडंट, वर्क, टुरिस्ट व्हिसा, सगळं नाव घेऊन लिहिलंय. आता तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, तुझी बायको एच-फोरवर, म्हणजे तुझ्या जोडीच्या व्हिसावर, ग्रीनकार्डच्या रांगेत भारतीयांचा नंबर कधी लागेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही, मग ते पेढ्याचं बाळ कुठल्या प्रकारात बसतं ते तूच सांग.

आणि २०२५ चा सप्टेंबर विसरलास का? १९ तारखेचा शुक्रवार, एच-वन-बीला एक लाख डॉलर फी अशी बातमी आली आणि तू रात्री अकराला मला फोन केलास, बायको पुण्यात, तिकीट बदलायला गेलास तर साइट उघडेना, हातपाय गार. नंतर खुलासा आला की फक्त नव्या अर्जांना आहे. पण त्या रात्री तू 'आपण लीगल आहोत' असं एकदाही म्हणाला नाहीस, मी ऐकत होतो.

आता एक जुनी गोष्ट. १९ फेब्रुवारी म्हटलं की आपल्याला शिवजयंती आठवते, पण ही ऑर्डर लागू व्हायची होती तीही २०२५ च्या १९ फेब्रुवारीलाच, आणि १९२३ साली बरोब्बर याच तारखेला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांचा निकाल दिला होता. हे पंजाबी शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होते. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना नागरिकत्व मिळायचं. हा नियमच चुकीचा आहे असं त्यांच्या बाजूने कोणी म्हटलं नाही. म्हटलं काय, तर आम्ही उच्च जातीचे आर्य, म्हणजे गोरेच, आणि आमच्यातले उच्चवर्णीय खालच्यांशी लग्न करत नाहीत, जसे तुम्ही काळ्यांशी करत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लाजेने कान गरम झाले, कारण हा सूर आपल्याकडच्या दिवाणखान्यात मी ऐकलेला आहे. कोर्टाने एकमताने हाकलून लावलं. वर ज्या भारतीयांना नागरिकत्व आधी मिळालेलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली.

आणि त्याच्या पंचवीस वर्षं आधीचा वाँग किम आर्क बघ. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधे जन्मलेला, धंदा स्वयंपाक्याचा. १८९५ मधे चीनला जाऊन परत आला तर बोटीवरून उतरू देईनात, कित्येक महिने बंदरातच या बोटीवरून त्या बोटीवर. तो मी बाकीच्या चिन्यांपेक्षा वेगळा असं म्हणत बसला नाही, त्याच्या वकिलांनी सरळ चौदावी घटनादुरुस्ती पुढे ठेवली, १८६८ ची, गुलामीतून सुटलेल्यांना नागरिक करण्यासाठी आणलेली. इथे जन्मला तो इथला. १८९८ ला ६ विरुद्ध २ ने जिंकला. (तरी १९०१ मधे टेक्ससमधे परत पकडलाच त्याला, सरकारी लोकांना निकाल वाचायची सवय तेव्हाही नव्हती.) माझी कन्या जन्मली तेव्हा मीही एच-वन-बीवरच होतो, तिचा निळा अमेरिकन पासपोर्ट आला त्याच्यामागे हा स्वयंपाकी होता हे मला पुढची पंधरा वर्षं माहीत नव्हतं.

आत्ताचं बघ. सिअॅटलमधे रिपब्लिकन रेगनने नेमलेल्या जजने तीन दिवसांत ऑर्डर अडवली, मग २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की एका जिल्हा कोर्टाच्या जजने असा देशभराचा स्टे देऊ नये, आणि मग १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या जजने अशा सगळ्या बाळांचा एक गट धरून स्टे दिला. तुझं बाळ त्या गटात आहे. डिसेंबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने जी केस ऐकायला घेतली तिचं नाव ट्रम्प विरुद्ध बार्बरा. ही बार्बरा, टोपणनाव आहे, होंडुरासची बाई, आसरा मागायला आलेली, केस घातली तेव्हा पोटुशी. म्हणजे तू ज्यांच्याशी संबंध नाही म्हणालास ना, त्यातलीच एक तुझ्या बाळासाठी कोर्टात उभी राहिली.

मी काही शहाणा नव्हतो. ऑफिसच्या किचनमधे चहा घेताना मीही 'ते लोक' म्हणायचो, आणि ओबामाच्या काळात लाखोंना डिपोर्ट केलं तेव्हा आपला माणूस म्हणून मी तोंड उघडलं नाही. आमच्या लिबरल मंडळींचा हा जुना रोग आहे, आपला तो बाब्या.

आता कामाचं. बाळ झालं की बर्थ सर्टिफिकेट हातात आल्या आल्या पासपोर्टचा अर्ज कर, केसकडे बघत थांबू नकोस. तुमच्या दोघांच्या आय-७९७ च्या, म्हणजे व्हिसा मंजुरीच्या कागदांच्या कॉप्या एका फाइलमधे ठेव आणि ती फाइल कुठे आहे ते तिलाही सांग, तुझ्या लॅपटॉपवर आहे हे उत्तर नको. निवडणुकीतल्या कुठल्याही उमेदवाराला पैसे देऊ नकोस, व्हिसावाल्याला ते बेकायदा आहे, पण बार्बराची केस लढलेल्या एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेला देणगी देता येते. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो बॉर्डरवाला व्हिडिओ परवा तूच फॉरवर्ड केलास, त्याच्याखाली त्या ऑर्डरची लिंक टाक. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग, मला तसंही तिथे कोणी भाव देत नाही.

डिंकाच्या लाडवांचं सामान काकूने आणून ठेवलंय. मागचा स्टीलचा डबा तेवढा परत आण.

तुझा,
एडिसनचा काका