टांझानियात बसने फिरण्यापुरती स्वाहिली तीन आठवड्यांत कशी शिकावी?

तुमचा प्रश्न असा: तीन आठवड्यांनी दार एस सलामला जायचंय, तिथून बसने मोशी-अरुशा, इंग्रजीवर किती निभेल आणि स्वाहिली शिकायचीच तर कुठून सुरुवात करू?

हॉटेलात आणि विमानतळावर इंग्रजी चालतं. बस स्टँडवर, शहरातल्या डालाडालात (मिनीबस) किंवा रिक्षावाल्याशी ते फारसं कामाला येत नाही. शंभर वाक्यांची यादी मात्र पाठ करू नका. समोरच्याने उत्तर दिलं की ती यादी संपते. त्यापेक्षा घड्याळ, आकडे, तीन-चार क्रियापदं आणि माणसाला हाक कशी मारायची, एवढंच पक्कं करा.

आधी घड्याळ, कारण गाडी चुकते ती इथेच. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा आसुबुही’, सकाळचा एकचा ठोका. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दहा म्हणजे ‘सा न्ने’, दुपारचे बारा ‘सा सिता म्चाना’. दार एस सलामहून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भल्या सकाळी सुटतात आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, ‘सा कुमी ना म्बिली आसुबुही’. शब्दशः सकाळचे बारा, म्हणजे आपले सहा. नवखा माणूस दुपारच्या हिशेबाने निवांत न्याहारी करत बसतो. सोपी युक्ती अशी: तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. साडे म्हणजे ‘ना नुसू’, सव्वा म्हणजे ‘ना रोबो’, पावणे ‘कासोरो रोबो’ लावून सांगतात. तिकिटावर वेळ छापलेली असली तरी ती कोणत्या पद्धतीची हे विचाराच: ‘सा झा किस्वाहिली आउ सा झा किझुंगू?’ किझुंगू म्हणजे गोऱ्यांची. आजपासून घड्याळ बघाल तेव्हा वेळ मनातल्या मनात स्वाहिलीत म्हणा. आठवड्याभरात जमतं.

आकडे: मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, साबा, नाने, तिसा, कुमी. अकरा म्हणजे ‘कुमी ना मोजा’, वीस ‘इशिरिनी’, पन्नास ‘हाम्सिनी’, शंभर ‘मिया’, हजार ‘एल्फू’. क्रम आपल्या उलटा, पाच हजार म्हणजे ‘एल्फू तानो’. टांझानियन शिलिंगात सगळं हजारातच चालतं, त्यामुळे मोठे आकडे लवकर कानावर पडतात. तिथे आपल्याला एक सवलत आहे: लाखाला ‘लाकी’च म्हणतात. ‘लाकी मोजा ना नुसू’ म्हणजे दीड लाख. बोलीत हजाराला ‘बुकू’ आणि पाचशेला ‘जेरो’ म्हणतात. हे पुस्तकात सापडत नाही, पण कंडक्टर हेच बोलतो.

आता हाक. मराठी माणूस इथे हमखास गोत्यात येतो. स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘दादा’ म्हणजे ताई आणि ‘मामा’ म्हणजे आई. सवयीने कंडक्टरला ‘ओ दादा’ म्हणालात तर त्याला ‘ओ ताई’ ऐकू येईल. पुरुषाला काका, बाईला दादा, वयस्क बाईला मामा. ‘बाबा’ तेवढा आपलाच. स्पष्टपणे वडीलधारं माणूस दिसलं की ‘शिकामो’ म्हणायचं, उत्तर येतं ‘माराहाबा’. बरोबरीच्याला ‘हाबारी?’ पुरे. ‘जांबो’ हे पर्यटकांचं चलन, ते ऐकलं की भाव वाढलाच समजा. आणि नमस्कार न करता थेट प्रश्न टाकणं उद्धट वाटतं, घाई असली तरी.

क्रियापदं. गाडीत चढणे ‘पांदा’, उतरणे ‘शुका’, पोहोचणे ‘फिका’. आपल्याकडे प्रत्यय शेपटीला लागतात, इथे सगळं डोक्याला: नि-ना-शुका, मी-आत्ता-उतर. मधलं ‘ना’ काढून ‘ता’ घातलं की उतरेन, ‘ली’ घातलं की उतरलो. ‘नि’च्या जागी ‘उ’ म्हणजे तू, ‘तु’ म्हणजे आम्ही. नकारात शेवटचा स्वरही बदलतो: ‘सिशुकी हापा’, मी इथे उतरत नाही. हे एक कोष्टक हाताने लिहून काढलंत तर कंडक्टरचं ‘उनाशुका वापी?’ (कुठे उतरणार?) आपोआप कळेल.

डालाडालात कंडक्टर, म्हणजे ‘कोंदा’, मुठीतली नाणी खुळखुळवत फिरतो. ती भाडं मागायची खूण आहे. ‘नाउली कियासी गानी?’ म्हणजे भाडं किती. गर्दीत ‘सोगेआ न्युमा’ ऐकलंत तर मागे सरका. थांबा आला की जोरात ‘शुशा!’, उतरव. सुटे राहिले असतील तर ‘नाओंबा चेंजी यांगू’. ‘नाओंबा’ म्हणजे विनंती करतो. काहीही मागताना हेच वापरा. ‘नाताका’, मला हवंय, हे व्याकरणात बरोबर असलं तरी कानाला राकट लागतं.

लांबच्या बससाठी एकच मोठं वाक्य पाठ करा: ‘तुकिफिका मोशी, नाओंबा उनियांबिए’, मोशी आलं की मला सांगा. मग मधूनमधून ‘तुमेफिका?’ (पोहोचलो का?) विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘बादो’ असतं, अजून नाही.

रिक्षेला तिथे ‘बाजाजी’ म्हणतात, आपल्या पुण्याच्या बजाजवरून. मोटारसायकल टॅक्सी म्हणजे ‘बोदाबोदा’. दोन्हीत बसायच्या आधी भाव ठरवा: ‘म्पाका कारियाको, बेई गानी?’ (कारियाको या बाजारपेठेपर्यंत किती?) आणि मग ‘पुंगुझा किदोगो’, थोडं कमी करा. उजवीकडे ‘कुलिया’, डावीकडे ‘कुशोतो’, सरळ ‘मोजा क्वा मोजा’, थांबा ‘सिमामा’.

उच्चाराचं थोडक्यात. प्रत्येक ‘अ’ हा ‘आ’च असतो आणि जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: साफारी (प्रवास) मध्ये ‘फा’वर, बाराबारा (हमरस्ता) मध्ये दुसऱ्या ‘बा’वर. ‘म्बिली’चं ‘मबिली’ करू नका, ओठ मिटूनच शब्द सुरू करा. त-द हे आपल्या त-द आणि ट-ड यांच्या मधले आहेत. इथे मी सोयीसाठी त-द लिहिलेत. केनियात गेलात तर डालाडालाचं ‘मातातू’ होतं आणि बाजाजीची ‘टुकटुक’.

स्टँडवर स्वच्छतागृहासाठी ‘चो किको वापी?’ पुरतं, सुटे पैसे जवळ ठेवा. हमरस्त्यावर मात्र बस झाडीपाशी थांबते आणि कोंदा ओरडतो, ‘कुचिंबा दावा!’ शब्दशः औषध खणायला. कुणी काही खणत नाही, लघुशंकेसाठी उतरायची ती सभ्य भाषा आहे. अडचण झाली तर तुम्हीही ‘काका, नाओंबा कुचिंबा दावा’ म्हणू शकता. गाडी थांबते आणि कुणी हसत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर यजमान ‘पोले ना साफारी’ म्हणतील, म्हणजे प्रवासाचा शीण झाला असेल. ‘पोले’ हे सहानुभूतीचं ‘सॉरी’ आहे. त्यावर ‘यांचं काय चुकलं’ असा चेहरा न करता नुसतं ‘आसांते’ म्हणा.