बकलावा, गोव्याचे काजू आणि दमट हवा

प्रश्न : दिवाळीत आमच्याकडे पाकातले चिरोटे होतात आणि नाताळात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून कुसवाराचे, म्हणजे नाताळच्या फराळाचे, ताट येते. यंदा त्या ताटाची परतफेड बकलाव्याने, म्हणजे पातळ पाऱ्यांच्या थरांत मेवा भरून वर पाक घातलेल्या तुर्कस्तानाकडच्या मिठाईने, करावी, असे मनात आहे. मात्र गेल्या पावसाळ्यात तयार फिलो (मैद्याच्या कागदासारख्या पातळ पाऱ्या) आणून मी तो केला, तेव्हा वरचा थर कुरकुरीत झाला, मधला भाग कच्चट राहिला आणि दुसऱ्या दिवशी सगळेच लिबलिबीत झाले. आपल्याकडच्या हवेत हा पदार्थ जमतच नाही का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : जरूर जमतो, फक्त पाणी कुठून येते आणि कुठे जाते, यावर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे लागते. आपल्या बेबिंकाचा, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाचा, एक थर भाजून झाल्यावर त्यावर दुसरा ओतला जातो. बकलाव्याचे सगळे थर मात्र एकाच वेळी भाजतात. कागदासारख्या पातळ पाऱ्यांतील ओलाव्याची वाफ होते, ती पाऱ्यांना उचलते आणि मधले तूप त्यांना पुन्हा एकमेकींना चिकटू देत नाही. म्हणूनच बाजारातले लोणी थेट वापरू नये. त्यात साधारण सोळा टक्के पाणी असते आणि त्यातला दुधाचा अंश ओव्हनमध्ये करपून काळे ठिपके पडतात. तुर्कस्तानातले कारागीरही लोणी कढवून, गाळूनच घेतात. आपल्या घरात कढवलेले साजूक तूप असतेच, तेव्हा या बाबतीत आपली तयारी आधीपासूनच आहे.

तयार फिलो गोठवलेला मिळतो. तो रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि नंतर दोन तास बाहेर, पण वेष्टन न उघडता. किनाऱ्यालगतच्या हवेत थंडगार पारी उघडली की तिच्यावर लगेच दव धरते आणि पाऱ्या एकमेकींना चिकटतात. आपला मधला भाग कच्चट राहिला, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे. पुस्तकांत पाऱ्यांवर ओला कपडा झाकायला सांगतात, तो सल्ला कोरड्या हवेच्या प्रदेशातला आहे. आपल्याकडे कोरडे फडके पुरते, मात्र पंखा बंद ठेवावा.

चिरोट्यांचा हात असेल, तर पाऱ्या घरी लाटाव्यात असे मी आग्रहाने सुचवेन. अडीचशे ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ, एक चमचा लिंबाचा रस व एक मोठा चमचा तेल घालून कोमट पाण्याने मऊ पीठ भिजवावे, दहा मिनिटे चांगले मळावे आणि दोन तास झाकून ठेवावे. त्याच्या सुपारीएवढ्या लाट्या करून प्रत्येकीची छोटी पुरी लाटावी. आता चिरोट्यांत आपण तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो तसा ओला साटा येथे न लावता, दोन पुऱ्यांच्या मध्ये कोरडे कॉर्नफ्लोअर भरपूर भुरभुरावे, आठ-दहा पुऱ्या एकावर एक रचाव्यात आणि ती चळत एकत्रच लाटावी. पुऱ्या एकदम पसरतात आणि कॉर्नफ्लोअरमुळे सुट्या राहतात. लाटताना चळत पोळपाटावर सतत फिरवत राहावे, नाहीतर मधल्या पुऱ्या जाड राहतात आणि कडा तेवढ्या विरतात.

ट्रेला तूप लावून आठ-दहा पाऱ्या, मग सारण, मग पुन्हा आठ-दहा पाऱ्या, अशी मांडणी घरासाठी पुरेशी आहे. बकलाव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तुर्कस्तानातल्या गाझिआंतेप शहरातले उस्ताद चाळीसच्या आसपास पाऱ्या घालतात, तो वर्षानुवर्षांच्या हाताचा भाग आहे. सुरी ट्रेच्या तळाला लागेपर्यंत खोल जाईल, अशा शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या भाजण्यापूर्वीच कापाव्यात. भाजल्यावर कापू गेल्यास वरचे पापुद्रे चुरडतात. शिवाय आधी कापलेल्या फटींतूनच तूप आणि नंतर पाक खालपर्यंत पोचतो. 20 सेंमी बाय 30 सेंमीच्या ट्रेला सुमारे 200 ग्रॅम पातळ केलेले तूप लागते. ते पाहून हात आखडता घेऊ नये. 170 अंश सेल्सिअसवर पाऊण तास ते पन्नास मिनिटे भाजावे. वरून रंग आला म्हणून ट्रे बाहेर न काढता एक वडी उचलून तिचा तळ पाहावा. तळही बदामी झाला असेल, तरच पदार्थ आतून भाजला गेला असे समजावे.

पाकासाठी 300 ग्रॅम साखर, 200 मिली पाणी आणि एक चमचा लिंबाचा रस आठ-दहा मिनिटे उकळावा. पाक बोटांना चिकट लागावा, पण तार धरू नये, कारण एकतारी पाकाची साखर थरांवर जमते. हा पाक आदल्या रात्रीच करून पूर्ण गार करावा आणि ओव्हनमधून निघालेल्या गरम बकलाव्यावर फटींमधून हळूहळू ओतावा. त्या वेळी चर्र असा आवाज आला पाहिजे. दोन्ही गरम असतील तर पापुद्रे भिजून बसतात, दोन्ही गार असतील तर पाक वरच तरंगतो. ओतल्यानंतर किमान सहा तास ट्रे झाकू नये, कारण झाकणाला धरलेली वाफ पुन्हा खाली गळते. फ्रिजमध्येही ठेवू नये.

आणि महिना कोणता, हेही पाहावे. साखर व मध हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे आषाढ-श्रावणात कितीही काळजी घेतली तरी दुसऱ्या दिवशी कुरकुरीतपणा उतरणारच. दिवाळीनंतर हवा कोरडी होते; नाताळसाठी आपण निवडलेली वेळ अगदी योग्य आहे.

प्रश्न : पिस्ते फार महाग पडतात. गोव्याचे काजू घातले तर त्याला बकलावा म्हणता येईल का, आणि हा पदार्थ नेमका कोणत्या सणाचा? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : म्हणता येईल, आणि निःसंकोच म्हणावे. ग्रीसमध्ये अक्रोड, दालचिनी व लवंग घालतात. इराणात बदाम, वेलची आणि गुलाबपाणी घालतात. म्हणजे ज्या प्रदेशात जो मेवा पिकतो, तो त्यात आला आहे. काजूही पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला आणि गोव्याच्या डोंगरांवर रुजला. ‘आंतेप बकलावा’ हे नाव मात्र आपल्या ट्रेला देऊ नये. गाझिआंतेपच्या या पिस्त्याच्या बकलाव्याला युरोपीय संघाने 2013 मध्ये भौगोलिक संरक्षण दिले असून, तो मान मिळवणारा तो तुर्कस्तानातला पहिला पदार्थ होय.

काजू गोड आणि मऊ असल्यामुळे नुसत्या काजूचे सारण मिळमिळीत लागते. निम्मे अक्रोड मिसळल्यास त्यांच्या सालीचा किंचित कडवटपणा पाकाला तोलून धरतो. मेवा मिक्सरमध्ये फिरवू नये. तेल सुटून गोळा होतो. सुरीने जाडसर चिरावा.

सणाविषयी म्हणाल, तर तो एकाच धर्माचा नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातून रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतानाकडून जानिसारी (सुलतानाच्या खास पायदळातल्या) सैनिकांना बकलाव्याची ताटे दिली जात, दर दहा जणांमागे एक ताट, आणि सैनिक ती मिरवत बराकींकडे नेत. 1826 मध्ये ते सैन्यच बरखास्त झाले आणि मिरवणूक थांबली; ईदला घरोघरी बकलावा करण्याची रीत मात्र चालू आहे. अझरबैजानात तो नवरोजला होतो, ग्रीक ख्रिस्ती घरांत नाताळात व ईस्टरला. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि नाताळातले दोदोल ज्या गावात एकमेकांच्या उंबऱ्यावर जातात, तेथे या पदार्थाला वेगळी जागा शोधावी लागणार नाही.

प्रश्न : मध गरम करू नये असे आयुर्वेद सांगतो. मग बकलाव्याचे काय? (एक वाचक, साखळी)

उत्तर : पाक विस्तवावरून उतरवून कोमट झाल्यावर 100 ग्रॅम मध त्यात ढवळावा. उकळल्याने मधाचा सुगंध उडून जातो, त्यामुळे चवीसाठीही हेच इष्ट. मात्र गरम बकलाव्यावर पडल्यावर तो थोडा तापणार, हे टळत नाही. जे हा नियम कसोशीने पाळतात त्यांनी मध वगळून 300 ऐवजी 375 ग्रॅम साखर घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही, कारण गाझिआंतेपमध्येही केवळ साखरेचाच पाक वापरतात, आणि तो आपल्या हवेत अधिक टिकतो. मध घातला असेल तर ताट देताना तसे सांगावे. एक वर्षाच्या आतील बाळांना मध मुळीच देऊ नये.