मंडळी ख्रिस्त रचतो, मग आपण काय करायचे?

आपण विचारले आहे की, मंडळी (चर्च) ख्रिस्त स्वतः रचतो असे मानले, तर पुनर्विकासामुळे विक्रोळीतील आपल्या लहानशा मंडळीची कुटुंबे बदलापूर-विरारकडे निघून जात असताना पाळकांनी व वडिलांनी (मंडळीची देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांनी) धडपड करावी, की सारे देवावर सोपवून स्वस्थ बसावे? मी मुंबईतल्याच एका मंडळीत वडील म्हणून सेवा करतो, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

माझ्या मते देवाच्या सार्वभौमत्वावर भरवसा असलेल्यालाच चिकाटीने काम करता येते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 पाहा. करिंथात विरोध झाल्यावर प्रभूने प्रेषित पौलाला सांगितले की, ‘ह्या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत.’ लोक देवाचेच आहेत, हे कळल्यामुळे पौल तेथे दीड वर्ष राहून वचन शिकवत राहिला.

आपल्या शहराचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत आले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता. पुढे राहण्याची परवानगी मिळाल्यावर ते मराठी शिकले, त्यांनी शाळा चालवल्या, नव्या कराराच्या भाषांतरासाठी श्रम केले आणि 1826 साली नाशिककडच्या प्रवासात ते कॉलऱ्याने वारले. मराठी नवा करार मुंबईत छापून झाला तो त्याच वर्षी. भरलेली मराठी मंडळी त्यांच्या दृष्टीस पडली नाही. पण पुढे कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच मुंबईत 1895 साली झाला, आणि त्यांची भजने आपण आजही उपासनेत गातो.

मात्र सार्वभौमत्वाच्या नावाखाली हलगर्जी झाकू नये. आजाऱ्याच्या घरी कोणी फिरकत नसेल, संडेस्कूलचा धडा ऐन वेळी उरकला जात असेल, तर घटत्या उपस्थितीला देवाची इच्छा म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. आमच्याकडे मेगाब्लॉकच्या रविवारी अर्धी बाके रिकामी असतात, तरी अंबरनाथच्या एक आजी दोन तास आधी निघून येतात आणि प्रभुभोजनाच्या मेजावरचे कापड स्वतः अंथरतात. अशा एका जिवासाठीही उपदेशाची तयारी पूर्ण हवी.

बदलापूरला गेलेल्यांची नावे पटावरून काढण्याची घाई करू नका. त्यांच्या नव्या घरी प्रार्थनासभा सुरू करा, शेजाऱ्यांना बोलवा. ख्रिस्तासाठी जीव दिलेल्या स्तेफनाच्या वेळच्या छळामुळे यरुशलेमेतून पांगलेले विश्वासणारे जेथे गेले तेथे वचन सांगत गेले, आणि अंत्युखियाची मंडळी त्यांच्याच साक्षीतून उभी राहिली.