बाबांच्या तळपायाच्या जखमेला पीआरपी करावं का?

ताई, ऐरोलीतल्या तुमच्या मधुमेही बाबांची अंगठ्याखालची जखम तीन महिने भरत नाहीये, क्लिनिकने पीआरपीची (म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्सचा दाट भाग जखमेवर लावण्याची) सिटिंग सांगितली आहेत आणि भाऊ रक्त द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. ठाण्यात मधुमेही पायांचं ड्रेसिंग करण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भावाचं रक्त सहसा लागत नाही. डेंग्यूच्या दिवसांत आपण ज्या प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी धावपळ करतो, तो प्रकार वेगळा. इथे बाबांचंच थोडं रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट्सचा दाट भाग जखमेवर लावतात. प्लेटलेट्स फक्त रक्त गोठवत नाहीत. त्यांच्यातून पीडीजीएफ, व्हीईजीएफ अशी द्रव्यं बाहेर पडतात आणि ती नवी रक्तवाहिनी, नवं मांस तयार करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. मधुमेहाच्या जुन्या जखमेत हीच द्रव्यं लवकर नष्ट होतात, म्हणून ती बाहेरून पुरवायची.

मग उपयोग होतो का? होतो, पण सगळ्यांना नाही. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या रुग्णालयांनी 269 रुग्णांवर केलेला एक चांगला अभ्यास 2018 मध्ये आला. त्यात रुग्णाच्याच रक्तापासून केलेला पॅच दर आठवड्याला लावला. 20 आठवड्यांत पॅचवाल्यांपैकी 34 टक्के लोकांची जखम भरली, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर 22 टक्के लोकांची. फरक खरा आहे, पण पॅच लावूनही बहुतेकांची जखम तेवढ्या काळात भरली नाही, हे बाबांना आधीच सांगा. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: पॅच लावण्याआधी सगळ्यांना चार आठवडे नीट उपचार दिले आणि तेवढ्यानेच ज्यांची जखम निम्म्याहून लहान झाली, त्यांना अभ्यासातून वगळलं. म्हणजे काहींना प्लेटलेट्सची गरजच नव्हती.

बाबांना हे चार आठवडे मिळालेत का? तुमच्या लिहिण्यावरून तरी नाही. ते रोज स्टेशनपर्यंत चालत जातात, पायात अंगठ्याची चप्पल. जखम नेमकी अंगठ्याखाली, जिथे प्रत्येक पावलाला मोठा भार येतो. पाय बधिर असल्यामुळे दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून ते चालत राहतात. अशा जखमेवर सकाळी प्लेटलेट्स लावल्या आणि संध्याकाळी बाजारात फेरी झाली, तर पैसे वाया गेले समजा. भार काढायला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर) किंवा गुडघ्यापर्यंतचा बूट मिळतो. पायाचा रक्तपुरवठा तपासला की आधी त्याबद्दल विचारा. एमसीआर या मऊ रबराची चप्पल जखम भरल्यावर चांगली, उघड्या जखमेला ती पुरत नाही. घरातही हाच नियम: बाथरूम, देवघर, गॅलरी, कुठेच अनवाणी नाही. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला अनवाणी जाण्याचा नवस असेल तर तो या वर्षी दुसऱ्या कुणी फेडू दे. मनापासून सांगते, माझीही देवीवर श्रद्धा आहे.

रक्तपुरवठ्यासाठी पायाचा डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) करून घ्या. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि घोट्याचं प्रेशर खोटं चांगलं दिसू शकतं, म्हणून पायाच्या बोटाचं प्रेशरही मोजता येईल का विचारा. रक्तच पोचत नसेल तर आधी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन, पीआरपी नंतर. जखमेत सळई घातली की हाड लागतं का, हेही तपासायला सांगा. हाडात संसर्ग असेल तर वरून काहीही लावून भागत नाही. कडेचा घट्टा आणि मेलेली कातडी दर वेळी साफ झालीच पाहिजे.

हे सगळं करूनही जखम हलली नाही, तर जरूर प्रयत्न करा. फक्त क्लिनिकला विचारा, त्या अभ्यासातल्यासारखा पॅच देणार की नुसतं प्लेटलेट्सचं जेल. मधुमेही पायाच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पॅचचा विचार करा म्हणतात, प्लेटलेट्सचे बाकीचे प्रकार सुचवत नाहीत.

पीआरपीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद करा असं कुणी म्हणालं, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका. आणि ताप आला, लाली वर चढू लागली, घाण वास आला किंवा बोट काळं पडलं, तर सिटिंग दुसऱ्या दिवशी असलं तरी त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.