पगार पंधरा हजार, पीटी तेवढाच : वाचकांचे टॅक्सचे प्रश्न

मागच्या अंकात राज्य सरकार आणि महापालिका जे टॅक्स घेतात त्याबद्दल प्रश्न पाठवा म्हणालो होतो. पत्रं भरपूर आली, त्यातली पाच घेतलीयत, आणि ही पाच घ्यायचं कारण एवढंच की पाचही वेगवेगळ्या कमाईच्या घरांतून आलीयत.

प्रश्न : मी कात्रजला एका सोसायटीत सिक्युरिटीला आहे. स्लिपवर पगार १५ हजार. दर महिन्याला 'पी.टी. २००' म्हणून कापतात, फेब्रुवारीत तर ३०० कापले. सोसायटीतले एक साहेब म्हणाले की त्यांचेही २००च जातात, आणि त्यांचा पगार दोन लाख आहे. हे खरंय का?
— एक वाचक, कात्रज

उत्तर : खरंय दादा, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं, कारण वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या पगाराच्या स्लिपा बघतोय पण दोनशे रुपयांच्या त्या ओळीवर कोणी बोटच ठेवत नाही.

हा प्रोफेशन टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. राज्याचा कायदा १९७५ चा. पुरुषाचा पगार महिना साडेसात हजारांपर्यंत असेल तर काही नाही, त्याच्यावर दहा हजारांपर्यंत १७५, आणि दहा हजारांच्या वर सगळ्यांना सरसकट २००. फेब्रुवारीत ३०० घेतात ते वर्षाचे बरोबर २,५०० व्हावेत म्हणून, अकरा महिन्यांचे २,२०० आणि वर ते ३००. आता हे २,५०० च का, तर राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये लिहिलंय की हा टॅक्स एका माणसाकडून वर्षाला २,५०० पेक्षा जास्त घेता येणार नाही. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून २,५०० केली, आणि तेव्हापासून ती तिथंच आहे.

म्हणजे दहा हजार एक रुपया मिळवणारा आणि दहा लाख मिळवणारा एकाच पायरीवर. तुमचा वर्षाचा पगार १ लाख ८० हजार, त्यातले २,५०० म्हणजे जवळजवळ १.४ टक्के. साहेबांचा २४ लाख, त्यातले तेवढेच २,५०० म्हणजे ०.१ टक्का. टक्क्यांत बघितलं तर तुम्ही त्यांच्या तेरा पट भरताय.

हा टॅक्स आला कशासाठी तेही सांगतो, कारण तो भाग चांगला आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर कामी आली, आणि ती चालवायला कायमचा पैसा हवा म्हणून शहरातल्या पगारदारांकडून हा टॅक्स घ्यायचं ठरलं. शहरातल्यानं दोनशे द्यायचे आणि गावाकडं कोणाच्या तरी हाताला खडी फोडायचं का होईना पण काम मिळायचं. हेतू सोन्यासारखा होता, पण पायऱ्या अशा लावल्या की ज्याच्या घरचेच रोजगार हमीच्या कामावर गेले असतील तो वॉचमनही तेवढाच भरतो जेवढा कंपनीचा डायरेक्टर.

वरची मर्यादा वाढवणं राज्याच्या हातात नाही, ती घटनेत आहे. पण खालची पायरी नक्कीच राज्याच्या हातात आहे, १ एप्रिल २०२३ पासून महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर पूर्ण माफी दिलीच की. तीच पुरुषांनाही द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या पुरुषाचं पोट काही वेगळं नसतं.

आणि एक महत्त्वाचं. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना हा टॅक्स लागतच नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये रात्रपाळीला जे काका होते ते ६७ वर्षांचे, त्यांची स्लिप सहज हातात आली तर त्यावर २०० कापलेले. दोन वर्षं कापत होते. आधार कार्डाची झेरॉक्स जोडून एजन्सीला साधा अर्ज लिहून दिला तेव्हा पुढच्या महिन्यापासून बंद झालं, आधीचे मात्र मिळाले नाहीत. तुमच्याबरोबर ड्युटीला कोणी वयस्कर असेल तर त्यांची स्लिप आजच बघा. कायमचं अपंगत्व असलेल्यांनाही सूट आहे, त्याला सर्टिफिकेट लागतं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही आयटीत, दोघांचं मिळून महिना तीन लाख. इन्कम टॅक्स कापून घेतात, वर सगळीकडे जीएसटी. बाकीचे लोक टॅक्स भरत नाहीत आणि सवलती मात्र त्यांना. आम्हीच का सगळं ओढायचं?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : तुमचा राग मी समजू शकतो. इन्कम टॅक्स तुम्ही भरपूर भरता, पगारदाराला तो चुकवताही येत नाही, आणि तो केंद्राकडे जातो, त्यातला राज्यांचा वाटा सगळ्या राज्यांत वाटून मग थोडा आपल्याकडे येतो, त्यामुळे बाणेरच्या रस्त्यावरचा खड्डा बघून तुमचं डोकं फिरणं साहजिक आहे. पण "बाकीचे टॅक्स भरत नाहीत" हे वाक्य मात्र खरं नाही, आणि ते किती खरं नाही हे मी एकदा कागदावर मांडून बघितलंय.

आमच्या गल्लीतला एक मुलगा जेवणाच्या डिलिव्हरीचं काम करतो. बाणेर, औंध, कधी कधी पार विमाननगर. एक दिवस टपरीवर चहा पिता पिता त्याच्याच बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब केला. दिवसाला शंभरेक किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, गाडी ४५ चं अॅव्हरेज देते, म्हणजे महिन्याला ५७-५८ लिटर पेट्रोल. पेट्रोल जीएसटीत नाहीये, त्यावर राज्याचा विक्रीवरचा टॅक्स, म्हणजे व्हॅट, आहे २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. पंपावर १०४ चा भाव धरला तर लिटरमागे साधारण २५ रुपये नुसते राज्याचे, केंद्राची एक्साइज ड्युटी वेगळी. म्हणजे महिन्याला चौदाशेच्या आसपास. त्याची कमाई २२ हजार. सहा टक्क्यांच्या वर गेले की नाही, ते पण एकट्या पेट्रोलवर, आणि ते पेट्रोल तो फिरायला नाही जाळत, तुमच्या दारात गरम जेवण यावं म्हणून जाळतो. तुम्ही कारमध्ये महिन्याला ६० लिटर टाकलंत तर तुमचाही व्हॅट दीड हजारच होईल, पण तीन लाखांतला दीड हजार म्हणजे अर्धा टक्का.

तसंच बाकीचं. शंभर ते २९९ सीसीच्या टू-व्हीलरला एकरकमी वाहन कर ११ टक्के, आणि दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारलाही ११ टक्केच. विजेच्या बिलात १६ टक्के वीज शुल्क आहे, ते वन आरकेलाही आणि पेंटहाऊसलाही. मोबाइलचा रिचार्ज १८ टक्के, आणि जीएसटीचा अर्धा भाग राज्याचा असतो.

यातली मुख्य गोष्ट अशी की हे सगळे खर्चावरचे टॅक्स. तुमच्या तीन लाखांतले समजा एक लाख एसआयपीत, पीएफमध्ये जात असतील, तर त्या लाखावर यातलं काहीच लागत नाही. त्या मुलाचे २२ हजार महिन्याच्या पंचवीस तारखेला संपलेले असतात, म्हणजे त्याचा जवळपास प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या काउंटरवरून जातो आणि बऱ्याच काउंटरवर टॅक्स असतो. त्याला कोणी टॅक्स कापल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, देत नाही म्हणून त्यालाही वाटतं की आपण टॅक्स भरत नाही. भरतो तो. तुमच्याकडे पुढच्या वेळी जेवण घेऊन येईल तेव्हा हे लक्षात असू द्या एवढीच माझी विनंती.

प्रश्न : मिस्टर गेल्यापासून मी एकटीच राहते. फॅमिली पेन्शन १४ हजार. साडेचारशे स्क्वेअर फुटांचा जुना फ्लॅट आहे, घरपट्टी वर्षाला साडेसहा हजार येते. शेजारी दोघं डॉक्टर, त्यांचीही जवळपास तेवढीच. माझ्या मुंबईच्या बहिणीला एवढ्याच घराला घरपट्टी माफ आहे म्हणे. मला काही सवलत आहे का?
— एक वाचक भगिनी, धनकवडी

उत्तर : काकू, घरपट्टी घर बघते, पाकीट बघत नाही. एरिया कुठला, चटईक्षेत्र किती, बिल्डिंग किती जुनी, घर स्वतः वापरता की भाड्यानं दिलंय, यावरून घराचं वार्षिक करपात्र मूल्य काढतात आणि त्यावर टॅक्स. त्या घरात पेन्शन येते का दोन डॉक्टरांची प्रॅक्टिस, हे कुठंच विचारलं जात नाही. तुमच्या वर्षाच्या १ लाख ६८ हजारांतले साडेसहा हजार म्हणजे जवळजवळ ४ टक्के. डॉक्टरांचं वर्षाचं २४ लाख धरलं तर त्यांना पाव टक्क्याच्या किंचित वर.

बहिणीचं बरोबर आहे. मुंबईत ५०० स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून माफी आहे. पुण्याला ती नाही. का नाही याचं पटेल असं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही, धनकवडीतल्या विधवेची पेन्शन काही दादरपेक्षा जास्त नसते.

पण पुण्यात एक वेगळी सवलत आहे, ती तुम्हाला मिळतेय का ते बघा. स्वतः राहत असलेल्या घराला करपात्र मूल्यात ४० टक्के सूट, ही १९७० पासूनची. मधे काही वर्षं ती बंद पडली, लोकांना वाढीव बिलं आली, ओरड झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून परत लागू झाली. तुमच्या बिलात ती दिसत नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात पीटी-३ फॉर्म भरून द्यायचा, बरोबर सोसायटीचं पत्र आणि तुम्ही तिथंच राहता याचा पुरावा. महापालिकेचे पेठ निरीक्षक येऊन बघून जातात. आणि बिल अजून मिस्टरांच्या नावावर असेल तर नाव बदलायचा अर्जही त्याच फेरीत देऊन टाका, हे काम राहून जातं आणि पुढं मुलांना त्रास होतो.

दुसरं म्हणजे, मुदतीत, एरवी ३१ मेच्या आत, पूर्ण वर्षाचं भरलं तर बिलातल्या सर्वसाधारण करात सूट मिळते, छोट्या घराला १० टक्के, मोठ्याला ५ टक्के. इथं छोट्या घराला जास्त दिलंय ते चांगलं केलंय. पण ज्याच्याकडे मे महिन्यात एकरकमी पैसे नसतात त्याची सूट तर जातेच, वर मुदत उलटली की थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेच्या कर्जापेक्षा महाग, आणि ही शास्ती बहुतेक करून ज्याची ओढाताण आहे त्याच्याच डोक्यावर बसते. म्हणून सांगतो, जूनपासून महिना साडेपाचशे आरडीसारखे बाजूला टाकत जा, मे मध्ये हातात रक्कम असेल. माझी आई असंच करायची, घरपट्टीचा वेगळा डबा होता तिचा, त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं.

जाता जाता भाडेकरूंचंही सांगतो. भाड्यानं दिलेल्या घराला ही ४० टक्के सूट नाही, मग मालक तो बोजा भाड्यात धरतोच. वाघोलीत नाहीतर धायरीत वन आरकेत राहणारं, गावाकडून आलेलं जोडपं घरपट्टीचं बिल कधी बघतही नाही पण सूट नसलेली घरपट्टी भाड्यातून भरत असतं.

प्रश्न : वाघोलीत २८ लाखांचा फ्लॅट बघितलाय. वरचा खर्च किती धरू? महागडं घर घेणाऱ्याला जास्त टक्के लागतात का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : नाही, टक्के तेच. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर महापालिकेसाठी १ आणि मेट्रोसाठी १, एकूण ७, म्हणजे तुम्हाला १ लाख ९६ हजार. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर १ टक्का कमी, २८ हजार वाचतील, ते जरूर करा आणि नुसतं टॅक्ससाठी म्हणून नका करू. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, म्हणजे तुम्हाला २८ हजार आणि तीन कोटींचा बंगला घेणाऱ्याला ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी लागतो, पण ४५ लाखांच्या आतल्या छोट्या घराला १ टक्का आणि त्याच्या वर ५, एवढ्या एका ठिकाणी तुमच्या बाजूनं हिशोब केलेला आहे.

प्रश्न : आमच्याकडचा दुकानदार साबण-शॅम्पूवर "वर जीएसटी लागेल" म्हणून जास्त पैसे घेतो. मी धुण्याभांड्याची कामं करते, मला हिशोब कळत नाही.
— एक वाचक ताई, जनता वसाहत

उत्तर : ताई, एक पैसाही वर द्यायचा नाही. पुडीवर जी एमआरपी छापलेली असते त्यात सगळे टॅक्स आलेले असतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शॅम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय. सुटं धान्य, सुटी डाळ, ताजी भाजी यांना जीएसटी नाहीच, तीच डाळ लेबल लावलेल्या पाकिटात आली की ५ टक्के. आणि छोटा दुकानदार जर कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायला कायद्यानंच बंदी आहे, त्याच्या दुकानात तशी पाटी लावलेली असायला पाहिजे. पुढच्या वेळी बिल मागा. देत नसेल तर पुडी त्याच्यासमोर धरा, छापलेल्या आकड्यावर बोट ठेवा आणि तेवढेच पैसे गल्ल्यावर ठेवा.