राजीनामा देण्याआधी सुलभाताईंबद्दल वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. सरळच सांगते, शाळेची नोकरी सोडून अंधेरीत तीन मुलींबरोबर रूम घ्यायचा तुझा प्लॅन मला अजिबात पटलेला नाही. अभिनय सोड असं मी म्हणत नाहीये, गैरसमज करून घेऊ नकोस, तुझ्यात आहे ते मी बघितलंय. पण तू लिहिलंयस की मोठा रोल मिळेपर्यंत आपण कुणीच नाही, आणि तो रोल फक्त तिकडेच मिळतो. यावर मला बोलायचंय आणि ते अभिनेत्री सुलभा देशपांडेंबद्दल बोलल्याशिवाय नीट बोलता येणार नाही, कारण त्या पण तुझ्यासारख्याच शाळेत शिकवत होत्या.

तुझ्या वयाच्या मुलींना त्या बहुतेक ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या श्रीदेवीच्या सासूबाई म्हणून माहीत असतात, किंवा आईबरोबर टीव्हीवर ‘चौकट राजा’ बघितला असशील तर नंदूची आई म्हणून. गोड, सोशिक, घरातली बाई. आता ते चेहरे जरा बाजूला ठेव आणि १९६७ साल डोळ्यासमोर आण. रंगायन या नाट्यसंस्थेचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक अरविंद देशपांडे म्हणजे सुलभाताईंचे नवरे, आणि मुख्य पात्र लीला बेणारे म्हणजे सुलभाताई. त्यांचा जन्म १९३७चा, म्हणजे तिशी गाठलेली, दादरच्या छबिलदास शाळेतल्या बाई, आणि बेणारेसुद्धा शाळेतली बाईच! नाटकातली हौशी मंडळी एका गावात प्रयोगाला येतात, वेळ जात नाही म्हणून खोटा खोटा खटला खेळायला घेतात, आणि बघता बघता तो खेळ त्या बाईच्या खऱ्या आयुष्यावर उलटतो, ती लग्न न होता गरोदर आहे हे चारचौघात काढलं जातं. ज्या प्रोफेसरमुळे ती या अवस्थेत आहे तो नाटकभर एकदाही स्टेजवर येत नाही. तेंडुलकरांचा हा घाव मला आजही झेपत नाही.

शेवटचं स्वगत तर तुला माहीतच आहे, एकपात्री स्पर्धेत दर वर्षी कुणी ना कुणी ते करतंच. मुली पहिल्या वाक्यापासून रडायला ओरडायला लागतात आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांच्याकडे काही उरत नाही. नाटकात काय आहे ते नीट बघ. कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं, बाकी सगळे थिजून जातात, आणि ती बोलते ते त्या दहा सेकंदांच्या आत, तिच्या मनात. तिथे समोरच्या कुणाला काही पटवून द्यायचं नाहीये गं, ऐकणारं कुणी नाहीच. मग ती आयुष्यावर चिडते, लगेच त्याच आयुष्याच्या प्रेमात पडते, कोवळ्या वयात मामाने केलेलं सांगते, मग तो प्रोफेसर, मग स्वतःच्या शरीराचा राग, आणि त्याच शरीराची पोटातल्या पोरासाठी गरज. प्रत्येक वळणाला आवाजाची जागा वेगळी लागते. १९७१ला सत्यदेव दुबेंनी याची फिल्म केली, अमोल पालेकरांच्या अगदी सुरुवातीच्या फिल्म्सपैकी एक आणि कॅमेरा गोविंद निहलानींचा, बेणारे अर्थात सुलभाताईच. मिळेल तिथून मिळव आणि बघ. बघताना तिचा शिक्षिकेचा उत्साह बघ, सुरुवातीची ती बडबड, गाणी, चेष्टामस्करी. वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच ते तसं जमतं असं माझं मत आहे. तू रोज चाळीस पोरांसमोर उभी राहतेस, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचवतेस, कोण ऐकत नाहीये हे पाठ वळवूनही तुला कळतं, हे शिकायला लोक वर्कशॉपला पैसे भरतात आणि तू ते सोडायला निघालीयेस.

पण मला मुख्य सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. बेणारे त्यांना कुठल्या ऑडिशनमधून मिळाली नाही. त्या, अरविंद, तेंडुलकर, विजयाबाई मेहता, सगळे रंगायन या एका संस्थेत वर्षानुवर्षं एकत्र खपत होते, आणि तो रोल त्या माणसांच्यामधून आला. आणि असा रोल मिळाल्यावर दुसरी कुणी पुढच्या बेणारेची वाट बघत बसली असती, यांनी काय केलं तर १९७१ला अरविंद आणि अरुण काकडेंबरोबर रंगायनमधून बाहेर पडून आविष्कार ही नाट्यसंस्था काढली. पहिलं नाटक ‘तुघलक’, अरुण सरनाईक तुघलक. म्हणजे बघ, प्रसिद्धी हातात असताना ही बाई नवीन संस्थेच्या उभारणीला लागली.

मग छबिलदास. त्या काळात प्रायोगिक नाटकाचं दुखणं काय होतं, तर स्पर्धेत एक प्रयोग, फार तर दोन-चार आणखी, की नाटक संपलं. मोठ्या थिएटरचं भाडं परवडायचं नाही, त्यामुळे तेच नाटक परत परत करून सुधारायची सोयच नव्हती. नट प्रयोग करूनच मोठा होतो, रिहर्सलने नाही होत. १९७४ला आविष्कारने दादर स्टेशनजवळच्या या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले, जिथे सुलभाताई शिकवत होत्या तीच शाळा. छोटा हॉल, जेमतेम सोयी, बाहेर दादरची वर्दळ, प्रेक्षक एवढे जवळ की नटाला खोटं बोलायला जागा नाही. आणि हॉल फक्त आपल्यापुरता ठेवला नाही, दुबे आले, पालेकर आले, आणखी कितीतरी ग्रुप आले. छबिलदास चळवळ म्हणून आज आपण मान वर करून सांगतो ना, तिची जागा एका शिक्षिकेच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर होती. तुझ्याकडेही शाळा आहे, हॉल आहे. यावर विचार कर.

त्यात भर म्हणून चंद्रशाला, आविष्कारचा मुलांचा विभाग. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य कितीतरी वर्षं चाललं, मुलं मोठी होऊन बाहेर पडायची आणि नवीन मुलं यायची. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’वर त्यांनी मुलांसाठी हिंदीत फिल्मही केली. बालनाट्याला लोक हलकं काम समजतात. मला त्याचा संताप येतो.

सिनेमाचं म्हणशील तर खरं तेच सांगते. हिंदी सिनेमाने त्यांना त्यांच्या ताकदीचं काम दिलं नाही असं मला ठाम वाटतं. ‘भूमिका’ आहे, ‘गमन’ आहे, पण बेणारेच्या उंचीचं काही नाही, आई, सासू, आजी असंच जास्त. तुलाही हेच मिळणार आहे, बहिणीचे, मैत्रिणीचे रोल, त्याचं वाईट वाटणार आणि वाटलं पाहिजे. पण ‘इंग्लिश विंग्लिश’ परत बघ, सासू आहे, कजाग नाही, सुनेच्या बाजूची आहे, आणि हे दाखवायला त्यांना भाषण लागत नाही. नुसत्या बघतात सुनेकडे आणि त्या घरात त्या दोघींचं काय नातं असेल ते कळतं. ज्या बाईचं खरं काम दुसरीकडे जिवंत आहे तिला छोट्या रोलमध्ये धडपडून स्वतःला सिद्ध करावं लागत नाही, मला तरी यामागचं कारण हेच दिसतं.

१९८७च्या जानेवारीत अरविंद गेले. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचं पारितोषिक मिळालं. संस्था बंद झाली नाही, काकडेकाका होते, त्या होत्या, पुढे छबिलदासचा हॉल गेला तर माहीमच्या महापालिकेच्या शाळेत काम सुरू राहिलं. २०१६च्या जूनमध्ये त्या गेल्या.

तर आता तुझं. ती सिरियलची ऑडिशन आहे ना, तिला नक्की जा, त्या दिवसाची सीएल टाक, रोल लागला तर शाळेशी काय बोलायचं ते आपण मिळून ठरवू. राजीनाम्याचा कागद मात्र ड्रॉवरमध्येच राहू दे. सोमवारी मुख्याध्यापकांना विचार की शनिवारी शाळा सुटल्यावर हॉल मिळेल का, पंख्यांचं लाईटबिल कोण भरणार हे ते विचारतीलच, तर उत्तर तयार ठेव. पाच-सहा जण जमले तरी पुरे, एक एकांकिका घ्या आणि ती दर महिन्याला करा, प्रेक्षक पंधरा असले तरी करा. आणि बेणारेच्या स्वगताचा फक्त पहिला अर्धा भाग रेकॉर्ड करून मला पाठव, पाठांतर कच्चं असलं तरी चालेल, पण एकदाही ओरडायचं नाही.

तुझी,
मावशी