‘कणा’ आणि ‘शाळा’ यांतली आशा आणि जिद्द यांची तुलना कशी करावी?

आधी एक करा, ‘दोन्हींत आशा आणि जिद्द आहे’ हे वाक्य खोडा. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत आशा नाहीच.

नववीत काव्यवाचन स्पर्धेत मी हीच कविता घेतली होती. शेवटचा ‘लढ’ हळू म्हटला. परीक्षक बाई म्हणाल्या, “आवेश कुठाय?” पहिला आलेला मुलगा मूठ उगारून असा ओरडला होता की मागच्या बाकावरची पोरं दचकली. मला उत्तेजनार्थही नाही. त्यानंतर कविता कितीदा वाचली असेन, मला तिथे मूठ सापडलेली नाही. पुरात घर गेलेला माणूस चिखलाच्या कपड्यांनी जुन्या सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो तसा हसत उठतो. पैसे नकोत, एकटं वाटलं म्हणून आलो म्हणतो. ‘लढ’ हा शब्द तो सरांकडून ऐकायला आलाय. पाठीवर हात ठेवून कोणी कानात बोंबलतं का?

शिवाय क्रियापदं बघा. लढतो आहे, बांधतो आहे, काढतो आहे. स्वतःबद्दल भविष्यकाळ एकदाही नाही. सगळं ठीक होईल असं तो म्हणतच नाही. भिंत पडलीय, तो बांधतोय, बस्स. बाईंना हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण नववीत कुठलं सुचायला!

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ या कादंबरीत (२००४) उलटं आहे. बाहेर आणीबाणी, आणि नववीतल्या मुकुंद जोशीला चिंता एकच, त्याला आवडणारी शिरोडकर आज दिसेल का. आशाच आशा. जिद्द म्हणाल तर तिच्याशी बोलायचं धाडस गोळा करण्यापुरती. मग ती निघून जाते आणि समोर दहावी उभी राहते. खरी जिद्द त्याला आता लागणार, म्हणजे पुस्तक मिटल्यावर. कादंबरी जिथे संपते तिथून कविता सुरू होते, असं धरून लिहा. बाकीचे मुद्दे गाइडात मिळतीलच.

‘आशा नाहीच’ हे मी जरा ताणलं, कबूल. सरांच्या दारापर्यंत तो आला, तेवढी तरी असणारच. आणि परीक्षेत लिहिणार असाल तर जपून. तपासणाऱ्या बाई आमच्या बाईंसारख्या निघाल्या तर गुण जातील. पण कविता कुठे म्हणायची वेळ आली तर ‘लढ’ हळूच म्हणा. नंबर येणार नाही.